दाढ, सलाईनची बाटली आणि आजाराचे भवितव्य

दाढ उपटून झाली की तिच्या जागी हाडात एक ओला खड्डा उरतो. त्यात दाताचा चुरा किंवा हाडाचे बारीक कण राहू नयेत म्हणून डेंटिस्ट सिरिंजमध्ये सलाईन भरून तो खड्डा धुऊन काढतात. हे सलाईन म्हणजे लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवून, निर्जंतुक करून बाटलीत बंद केलेले द्रावण. सील शाबूत असेपर्यंत त्याच्या निर्जंतुकतेची जबाबदारी कारखान्याची असते. सील तुटले की ती दवाखान्याकडे येते. जंतूंची वाढ रोखणारे कोणतेही रसायन त्यात मिसळलेले नसते. बाटली बहुधा अर्ध्या लिटरची असते आणि एका दाढेला त्यातला लहानसा भागच लागतो. उरलेल्या सलाईनचे काय करायचे, हा प्रश्न वरवर पाहता काटकसरीचा वाटतो. त्याचे उत्तर चुकले तर काय होते, ते तमिळनाडूत दिसून आले.

जुलै २०२२ ते एप्रिल २०२३ या काळात उत्तर तमिळनाडूतील २१ जणांना न्यूरोमेलिओइडोसिस झाल्याची नोंद आहे. मेलिओइडोसिस हा बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय या जंतूमुळे होणारा आजार आहे, आणि हा जंतू मेंदू किंवा मज्जासंस्थेत शिरला की त्याला न्यूरोमेलिओइडोसिस म्हणतात. एरवी हा प्रकार विरळा असतो, त्यामुळे एकाच भागातून इतके रुग्ण येणे हीच धोक्याची खूण होती. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची चेन्नईतील राष्ट्रीय रोगपरिस्थितिविज्ञान संस्था आणि राज्याचे सार्वजनिक आरोग्य खाते यांनी मिळून शोध घेतला, तेव्हा २१ पैकी १० रुग्णांचा धागा तिरुपत्तूर जिल्ह्यातल्या वाणियंबाडी येथील एकाच दंतचिकित्सालयाशी जुळला. या दहांपैकी आठ जण दगावले. दवाखान्याशी संबंध नसलेल्या उरलेल्या अकरा जणांपैकी एकच दगावला.

तपासणीत असे आढळले की सलाईनची बाटली पेरिऑस्टिअल एलिव्हेटरने उघडली जात होती. हिरडी हाडापासून सोडवण्यासाठी वापरतात ते हे चपट्या पात्याचे हत्यार. उघडलेल्या बाटलीच्या तोंडाशी कापसाचा बोळा सैलसा बसवून तेच सलाईन पुढच्या रुग्णांसाठी वापरले जात होते. वापरात असलेल्या अशाच एका बाटलीत हा जंतू सापडला. तो मुळात चिखलमातीत आणि साचलेल्या पाण्यात राहणारा जंतू आहे. भातखाचरे, पावसाळा आणि पूर यांच्याशी त्याचे जुने नाते आहे. त्याची चिवट वृत्ती सांगायची तर एक प्रयोग पुरेसा आहे: नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात, कोणत्याही अन्नाशिवाय, तो १६ वर्षांनंतरही जिवंत असल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. अशा जंतूला मिठाच्या पाण्याची बाटली दिली, ती खोलीच्या तापमानाला ठेवली आणि रोज थोडे थोडे पाणी उपसत राहिले, तर त्याला याहून अधिक सोय कोणी करून देऊ शकत नाही.

या घटनेत दोन विषय एकमेकांत गुंतलेले आहेत. एक, आजाराचे पुढे काय होणार हे शास्त्र कसे ठरवते. आणि दुसरा, दातांच्या दवाखान्यातली स्वच्छता किती कडक असावी. वैद्यकीय अभ्यासक्रमात हे दोन्ही वेगवेगळ्या पुस्तकांत शिकवले जातात, पण माझ्या मते हा मुळात एकच प्रश्न आहे. कोणती वस्तू किती स्वच्छ हवी, याचे उत्तर ती अस्वच्छ राहिल्यास रुग्णाचे पुढे काय होते, या माहितीतूनच येते.

आधी पहिला विषय घेऊ. डॉक्टर आजाराचे नाव सांगतात ते निदान. त्यानंतर खाटेशेजारी उभा असलेला नातेवाईक जे विचारतो, ‘डॉक्टर, आता पुढे काय?’, त्याच्या उत्तराला प्रॉग्नोसिस म्हणतात. मराठीत आपण त्याला आजाराचे भवितव्य किंवा पूर्वानुमान म्हणू शकतो. ही कल्पना आपल्याला परकी नाही. साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य अशी आजारांची वर्गवारी आयुर्वेदाने फार पूर्वीच केली होती: सहज बरा होणारा, कष्टाने बरा होणारा, औषधावर आटोक्यात राहणारा आणि बरा न होणारा. आधुनिक संशोधनाने त्यात मोजमाप आणले. किती जणांपैकी किती, किती दिवसांत, आणि कोणत्या लक्षणांच्या किंवा परिस्थितीच्या रुग्णांत, हे सांगता आले तरच ते पूर्वानुमान. एरवी तो अनुभवी माणसाचा अंदाज असतो, आणि अनुभवी माणसाला आपले वाईटात वाईट रुग्ण जास्त लक्षात राहतात.

हे मोजमाप करण्याची पद्धत ऐकायला सोपी आणि राबवायला अतिशय अवघड आहे. ठरावीक प्रदेशात, ठरावीक दिवसापासून त्या आजाराचा प्रत्येक रुग्ण नोंदवायचा, शक्यतो आजाराच्या सुरुवातीलाच. त्याचे वय, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, जंतू कुठून शिरला, उपचार कधी सुरू झाले, हे सगळे एकाच नमुन्यात लिहायचे. आणि शेवट कळेपर्यंत त्याचा माग सोडायचा नाही. मेलिओइडोसिसच्या बाबतीत हे काम उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात झाले. तिथे १ ऑक्टोबर १९८९ पासून त्या प्रदेशातील प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली जात आहे. पहिल्या ३० वर्षांत १,१४८ रुग्णांची नोंद झाली. सुरुवातीच्या पाच वर्षांत शंभरातले सुमारे ३१ रुग्ण दगावत होते; शेवटच्या पाच वर्षांत हे प्रमाण सुमारे ६ वर आले. मधला फरक लवकर निदान, योग्य अँटिबायोटिक आणि चांगल्या अतिदक्षता विभागाने घडवला. मधुमेह, अतिमद्यपान, फुप्फुसांचे किंवा मूत्रपिंडांचे जुने विकार यांपैकी काहीच नसलेल्या रुग्णांत मृत्यू क्वचितच झाले, हेही याच नोंदींतून समजले. म्हणजे पूर्वानुमान हे ललाटावर लिहिलेले नसते. उपचार बदलले की तेही बदलते, आणि म्हणूनच ते पुन्हा पुन्हा मोजावे लागते.

आता डार्विनमधले शंभरातले ६ आणि वाणियंबाडीतले दहातले ८ हे आकडे शेजारी ठेवले की मन चरकते. परंतु इथेच थांबून विचार करायला हवा. डार्विनच्या आकड्यात त्वचेवरच्या साध्या फोडापासून न्यूमोनियापर्यंत सर्व प्रकार आहेत. तमिळनाडूच्या आकड्यात केवळ मज्जासंस्थेत शिरलेला आजार आहे. ही तुलना बरोबरीची नाही. बरोबरीची तुलना त्याच २१ जणांमध्ये आहे: दवाखान्याशी संबंध असलेले दहा आणि नसलेले अकरा.

तिथेही रुग्ण थोडे आहेत. दहातले आठ म्हणजे ८० टक्के, हे गणित बरोबर असले तरी इतक्या लहान संख्येवरून खरे प्रमाण काढले, तर ते ४४ टक्क्यांपासून ९७ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. त्याचप्रमाणे अकरातला एक म्हणजे ९ टक्के, पण खरे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी असू शकते किंवा ४१ टक्क्यांपर्यंतही जाऊ शकते. संख्याशास्त्रात याला विश्वासांतर म्हणतात, आणि वर्तमानपत्रात आकडा छापताना नेमके तेच गाळले जाते. मग हा फरक निव्वळ योगायोग म्हणायचा का? तेही तपासता येते. समजा, २१ चिठ्ठ्यांपैकी ९ चिठ्ठ्यांवर ‘मृत्यू’ लिहिले आणि डोळे मिटून त्यातल्या दहा उचलल्या. आठ किंवा त्याहून जास्त मृत्यूच्या चिठ्ठ्या हाती येण्याची शक्यता किती? २१ पैकी ९ जागा निवडण्याचे एकूण २,९३,९३० प्रकार होतात आणि आपल्याला हवे असलेले त्यातले अवघे ५०५. म्हणजे हजारात दोन वेळासुद्धा नाही. थोडक्यात, खरे प्रमाण नेमके किती हे सांगायला ही संख्या अपुरी आहे, पण दोन गटांच्या भवितव्यात खरोखर फरक होता असे मानायला ती पुरेशी आहे. या दोन वाक्यांतला भेद ज्याला समजला, त्याला आरोग्यविषयक बहुतेक बातम्या नीट वाचता येतील.

आणखी एक गैरसमज टाळायला हवा. ८० टक्के हा आकडा आजार झालेल्यांपैकी दगावलेल्यांचा आहे, दाढ काढून घेतलेल्यांपैकी दगावलेल्यांचा नाही. पहिल्याला आजाराची मारकता म्हणतात. दुसरा आजार होण्याच्या जोखमीचा प्रश्न आहे आणि त्याचा छेद कितीतरी मोठा असतो. शिवाय मोठ्या रुग्णालयात पोहोचतात ते बहुधा अधिक गंभीर रुग्ण; ताप येऊन घरीच बरा झालेला माणूस कोणाच्याच वहीत येत नाही. म्हणूनच प्रॉग्नोसिसच्या संशोधनात वर किती, यापेक्षा खाली किती, हे आधी विचारायचे असते.

दवाखान्याच्या गटाचे भवितव्य इतके वाईट का असावे? याचे उत्तर जंतूच्या वाटेत आहे. मेलिओइडोसिसचा जंतू एरवी पायाच्या जखमेतून किंवा श्वासातून आत येतो आणि मेंदूपर्यंत क्वचितच पोहोचतो. परंतु दातांना, हिरड्यांना आणि चेहऱ्याला संवेदना पुरवणारी त्रिशाखी मज्जातंतू ही थेट मेंदूच्या मुळाशी, ब्रेनस्टेमपाशी जाऊन मिळते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले आहे, की हा जंतू नाकातील मज्जातंतूंच्या वाटेने, त्रिशाखी मज्जातंतूच्या शाखांवरूनही, मेंदूत चढू शकतो. हिरडी सोडवलेली, हाड उघडे पडलेले, मज्जातंतूंची टोके मोकळी झालेली, आणि त्यावर सिरिंजच्या दाबाने सोडलेले जंतुमिश्रित पाणी: खाचरातल्या चिखलात कापलेल्या टाचेपेक्षा ही परिस्थिती जंतूला फारच सोयीची आहे. जंतूच्या वाणाचाही वाटा असू शकतो. त्याच्यात बिम-ए नावाचे एक जनुक असते, ज्याच्या आधारे तो पेशीतून शेजारच्या पेशीत सरकतो. या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार असलेले वाण मज्जासंस्थेच्या आजाराशी अधिक निगडित असल्याचे डार्विनच्याच रुग्णांत दिसले होते. वय, मधुमेह, रुग्णालयात पोहोचायला लागलेला वेळ, अशा इतर बाबीही भवितव्य घडवतात, आणि एका गटात मृत्यू जास्त दिसले की या प्रत्येक बाबीची झाडाझडती घ्यावी लागते. सोबत दिसणारी गोष्ट आणि कारणीभूत असलेली गोष्ट एकच असते असे नाही.

आता दुसऱ्या विषयाकडे येऊ. फिलाडेल्फियातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी १९६८ साली वैद्यकीय उपकरणांची तीन गटांत विभागणी केली. जे उपकरण त्वचा किंवा श्लेष्मल आवरण भेदून हाडात, मांसात, रक्तात जाते, ते पूर्ण निर्जंतुक हवे. जे केवळ ओठ, गाल, जीभ यांच्या ओल्या आवरणाला लागते, त्यावर किमान उच्च प्रतीचे जंतुनाशन (डिसइन्फेक्शन) हवे. आणि जे अखंड त्वचेलाच लागते, ते स्वच्छ पुसलेले पुरते. चिमटा, एलिव्हेटर, ड्रिलचे बर पहिल्या गटात येतात. तोंड तपासण्याचा आरसा दुसऱ्यात. खुर्चीचा हात आणि रक्तदाबाचा पट्टा तिसऱ्यात. वस्तू किती महाग, किती चकचकीत किंवा किती मळलेली, याचा त्यात संबंध नाही. जंतू तिथवर पोहोचला तर शरीराजवळ प्रतिकाराच्या किती फळ्या उरतात, एवढाच निकष आहे. त्या निकषाने पाहिले तर उघड्या हाडावर सोडले जाणारे सलाईनसुद्धा एलिव्हेटरच्याच पंक्तीला बसते, आणि त्यावर कापसाचा बोळा हे झाकण होऊच शकत नाही.

गेल्या वर्षी आईची दाढ काढायची होती. तिला मधुमेह आहे, म्हणून मी खुर्चीशेजारीच उभा होतो. साहाय्यक ताईंनी कागद आणि प्लास्टिकचे एक चपटे पाकीट आमच्यासमोर धरले. त्याच्या कडेला छापलेली गुलाबी खूण तपकिरी झाली होती. ती त्यांनी बोटाने दाखवली, पाकिटावर पेनाने लिहिलेली तारीख वाचली, आणि मगच ते फाडून आतली हत्यारे ट्रेमध्ये सोडली. सलाईन त्यांनी शंभर मिलिलिटरच्या छोट्या बाटलीतून घेतले आणि काम संपल्यावर उरलेले सिंकमध्ये ओतून दिले. आईला ते ओतणे जिवावर आले. ‘अर्धी बाटली वाया गेली,’ ती घरी येईपर्यंत म्हणत होती. तिच्या पिढीला ते वाया गेल्यासारखे वाटणार हे मला समजते; पण त्या ताईंनी ते ज्या सहजतेने ओतले, त्याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

त्या तपकिरी खुणेचा अर्थही समजून घ्यायला हवा. ऑटोक्लेव्ह हा आपल्या कुकरचाच मोठा भाऊ. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते आणि तेवढ्या उष्णतेत काही जंतूंचे बीजाणू जिवंत राहतात. म्हणून हत्यारे नुसती उकळणे पुरत नाही. झाकण घट्ट बंद करून दाब वाढवला की वाफ १२१ अंशांपर्यंत जाते आणि ती हत्याराच्या थंड पृष्ठभागावर पाणी होताना आपली सारी उष्णता तिथे सोडते. त्या तापमानाला १५ ते ३० मिनिटे, किंवा १३४ अंशांना त्याहून कमी वेळ, असे चक्र चालते. मात्र यात तीन ठिकाणी घोळ होतो. हत्यार आधी घासून धुतले नसेल तर सुकलेल्या रक्ताच्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात. पाकिटे दाटीवाटीने कोंबली तर मध्ये हवा अडकते आणि हवेच्या कप्प्यात वाफ पोहोचत नाही. आणि पाकीट ओले असतानाच बाहेर काढले तर ओल्या कागदातून जंतू आत झिरपतात. रंग बदललेली खूण एवढेच सांगते, की पाकिटाला उष्णता लागली. जंतू खरोखर मेले का, हे पाहायला जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या अतिशय चिवट जंतूच्या बीजाणूंची पट्टी यंत्रात ठेवून नंतर ती उबवावी लागते. ही चाचणी आठवड्यातून एकदा तरी करावी असा शिरस्ता आहे. आपल्या डेंटिस्टना ‘तुमच्याकडे स्पोअर टेस्ट होते का?’ असे विचारायला कोणी संकोचू नये. जे ती नियमितपणे करतात, त्यांना त्या प्रश्नाचा आनंदच होईल.

दातांच्या खुर्चीला जोडलेले पाणी हे आणखी एक प्रकरण आहे. ड्रिलला थंड ठेवणारे पाणी अगदी बारीक नळ्यांतून येते. रात्रभर ते नळीत साचून राहते, आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो, आणि सकाळी पहिल्या रुग्णाच्या तोंडात त्यातलेच काही फवाऱ्यातून जातात. इटलीत २०११ साली ८२ वर्षांच्या एका महिलेला लिजिओनेअर्स हा न्यूमोनियाचा गंभीर आजार झाला आणि त्यात तिचा मृत्यू झाला. तिच्या फुप्फुसातला जंतू आणि ती ज्या दवाखान्यात गेली होती तिथल्या खुर्चीच्या पाण्यातला जंतू एकच निघाला. अमेरिकेत २०१५ साली जॉर्जियात आणि २०१६ साली कॅलिफोर्नियात लहान मुलांच्या दुधाच्या दातांच्या नसेवर उपचार करताना अशाच पाण्यातून मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस हा जंतू जबड्यात शिरला. कॅलिफोर्नियातल्या रुग्णांची संख्या ७० च्या आसपास होती. या मुलांना जबड्याच्या शस्त्रक्रियांना आणि शिरेतून दिल्या जाणाऱ्या दीर्घ औषधोपचारांना सामोरे जावे लागले, आणि अनेकांनी हिरडीखाली वाढत असलेले कायमचे दात गमावले.

‘मृत्यू शून्य’ असे लिहून या मुलांचा हिशेब पूर्ण होत नाही. भवितव्य मोजताना काय मोजायचे, हा निर्णय संशोधकाने आधी घ्यावा लागतो, आणि त्या निर्णयात रुग्णाचा आवाज असायला हवा. सहा वर्षांच्या मुलासाठी ‘वाचला’ हा शेवट पुरेसा नाही. शिवाय हा संसर्ग हळूहळू डोके वर काढतो, सूज यायला आठवडे किंवा महिने लागतात. ज्या अभ्यासात रुग्णांचा माग पंधरा दिवसच ठेवला जाईल, त्यात ही सगळी मुले ‘कोणताही त्रास नाही’ या रकान्यात जातील. या अनुभवांनंतर नियम अधिक आग्रहाने सांगितला जाऊ लागला, की साध्या कामासाठी खुर्चीच्या पाण्यात दर मिलिलिटरमागे ५०० पेक्षा जास्त जंतुवसाहती नसाव्यात, आणि जिथे शस्त्रक्रियेत हाड उघडे पडते तिथे खुर्चीचे पाणी न वापरता निर्जंतुक पाणी वा सलाईनच वेगळे घ्यावे. ही दोन्ही मानके अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या २००३ सालच्या मार्गदर्शनात आधीपासूनच होती.

भवितव्याच्या अभ्यासाने नियम नेहमी कडकच होतात असेही नाही. हृदयाच्या झडपांचा विकार असलेल्यांना दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिक देण्याची रीत अनेक दशके चालू होती, कारण तोंडातले जंतू रक्तात मिसळून झडपेवर बसले की एंडोकार्डायटिस हा गंभीर आजार होतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ साली हा नियम आटोपता घेतला. हा आजार कोणाला होण्याची शक्यता जास्त, याऐवजी तो झाल्यास कोणाचे भवितव्य सर्वात वाईट, असा प्रश्न त्यांनी विचारला. कृत्रिम झडप बसवलेले, आधी एंडोकार्डायटिस होऊन गेलेले, जन्मजात हृदयविकाराचे काही ठरावीक रुग्ण आणि हृदयरोपणानंतर झडप बिघडलेले एवढ्यांपुरतेच अँटिबायोटिक उरले: प्रौढांना २ ग्रॅम ॲमॉक्सिसिलिन, कामाआधी अर्धा ते एक तास. रोज दात घासताना आणि जेवण चावतानाही जंतू रक्तात जातच असतात, तेव्हा वर्षातून एकदा गोळी घेण्यापेक्षा हिरड्या निरोगी ठेवणे अधिक उपयोगी, असा त्यामागचा विचार होता. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २००८ साली तर ही गोळी सर्वांसाठीच बंद करण्याची शिफारस केली आणि २०१६ साली ‘सरसकट देऊ नये’ अशी वाक्यरचना करून अपवादांना जागा दिली. आपल्याकडे संधिवातज्वराने झडप खराब झालेले रुग्ण बरेच आहेत. त्यांनी दाढ काढण्याआधी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे, केमिस्टला किंवा शेजाऱ्याला विचारू नये.

डेंटिस्ट आणि साहाय्यकांच्या सुरक्षिततेबद्दल एकच गोष्ट सांगतो. संसर्ग असलेल्या रुग्णाची सुई टोचली, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला हेपटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते, हेपटायटिस सीची पूर्वीच्या अंदाजांनुसार सुमारे २ टक्के (नव्या पाहण्यांत याहून बरीच कमी), आणि एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. लोकांच्या मनातली भीती मात्र याच्या बरोबर उलट्या क्रमाने असते. सर्वात सहज पसरणाऱ्या विषाणूवर स्वस्त आणि परिणामकारक लस उपलब्ध आहे. तरीही छोट्या दवाखान्यात ट्रे धुणाऱ्या मदतनिसाला ती दिलेली आहे का, हे कोणी पाहत नाही.

मेलिओइडोसिस हा आपल्यापासून दूरचा आजार आहे असे महाराष्ट्राने आणि गोव्याने मानू नये. १९१२ साली रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांनी त्याचे पहिले वर्णन केले. भारतातल्या त्याच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक १९९१ साली मुंबईतूनच प्रसिद्ध झाली. कोकणाला लागून असलेल्या कर्नाटकच्या किनारपट्टीवर, उडुपी-मणिपालच्या परिसरात, तो पावसाळ्यात नियमितपणे आढळतो. तशीच माती, तसाच पाऊस आणि तितकाच मधुमेह आपल्याकडेही आहे.

शिवाय तो ओळखायला फसवा आहे. छातीच्या एक्स-रेमध्ये तो क्षयासारखा दिसतो आणि रुग्णाला क्षयाची औषधे सुरू होतात. प्रयोगशाळेत तो सूडोमोनास या दुसऱ्या जंतूसारखा दिसतो आणि कल्चरमध्ये बाहेरून मिसळलेला जंतू समजून कधी कधी बाजूला टाकला जातो. जेंटामायसिनला तो सहसा दाद देत नाही, आणि अशा तापात सर्रास दिले जाणारे सेफ्ट्रायक्सोन त्याच्यावर तोकडे पडते. त्याला मेरोपेनेम किंवा सेफ्टाझिडिम लागते. मेंदूत गेला असेल तर शिरेतून काही आठवडे, आणि त्यानंतर को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या सुमारे सहा महिने. डार्विनमध्ये मृत्यूचे प्रमाण ३१ वरून ६ वर आले, त्यात संशय पहिल्याच दिवशी घेण्याचा वाटा मोठा होता. तमिळनाडूतल्या दहा जणांचा धागा जुळला, तोही कोणत्या महागड्या यंत्राआधी रुग्णांच्या मागील काही आठवड्यांच्या चौकशीतून. ताप, डोकेदुखी, चेहऱ्याच्या एका बाजूची सूज आणि वाकडे झालेले तोंड घेऊन रुग्ण आला, तर त्याच्या केसपेपरवर मधुमेह आणि रक्तदाबाच्या खाली आणखी एक ओळ हवी: ‘गेल्या दोन महिन्यांत दाताचे काही काम केले होते का, आणि कुठे?’